एकशे पासष्ट पौंड

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कुणी नसतं.
पोलाद कारखान्याकडून येणारा वारा
जिभेवर गंजाची चव ठेवून जातो.
मी गवतावर उताणा पडतो. हात सैल, मान सैल.
डेल्फिना म्हणते, "अंग जड कर, बेनी.
मेलेल्या माणसासारखं."

परीक्षेत पुतळा असतो, एकशे पासष्ट पौंडांचा.
तीस फूट ओढायचा, उलट्या पावलांनी.
माझं वजन एकशे एकसष्ट.
जॅकेटच्या खिशांत पिंटो बीन्सच्या दोन पिशव्या कोंबल्या,
हिशेब चुकता झाला.

ती काखेतून हात घालते, छातीवर बोटं गुंफते
आणि मागे मागे जाते.
माझ्या टाचांच्या दोन रेघा मातीत उमटतात.

असंच मला एकदा ओढलं होतं,
आमच्याच अंगणातून, फाटकापर्यंत.
तेव्हा "मान सांभाळ" म्हणणारं कुणी नव्हतं.
हे मी बोलत नाही.
ती अकरा वर्षांची होती, खिडकीत उभी होती.

अर्ज सव्वीस पानांचा.
आजवर राहिलात ती सगळी घरं, सोडलेल्या नोकऱ्या,
थकवलेली बिलं, शेजाऱ्यांचे फोन नंबर.
रात्रपाळीला इस्पितळाच्या चादरी धुऊन यायची
आणि पहाटे एकेक रकाना भरायची.
एकोणिसाव्या पानावर पेन अडलं:
रक्ताच्या नात्यात कुणाला शिक्षा झाली आहे का?
ती कॉफी करायला उठली. कॉफी तर आधीच झालेली होती.
मी कागद ओढला, सावकाश, सुवाच्य लिहिलं:
बेन्यामिन ट्रुहियो. भाऊ. कॅन्यन सिटीचा तुरुंग.
तीन वर्षं, दोन महिने.
ती आली, वाचलं, म्हणाली, "साल चुकलंय तुझं."
खोडलं, बरोबर लिहिलं,
आणि खाडाखोडीशेजारी सही केली.

मग चौकशीला एक साहेब आले, ऑकरमन नावाचे,
निवृत्तीला टेकलेले. खुर्चीच्या काठावर बसले.
कॉफीला हात लावला नाही.
"उद्या तिला तुम्हालाच पकडायला पाठवलं तर?"
मी म्हणालो, "ती माझ्यापेक्षा जोरात पळते."
हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.
एवढ्याशा उत्तराला
इतका वेळ काय लिहीत होते, कोण जाणे.

खोटं पकडायच्या मशीनवर बसवलं तिला.
छातीला पट्टे, बोटांना चिमटे.
पोलिसांपासून कधी कुणाला लपवलंत?
"हो," म्हणाली.
"एकदा. भावाला. माझ्या पलंगाखाली."
घरी येऊन हे तिने भांडी घासता घासता सांगितलं.
सुई हलली की नाही, ते सांगत नाहीत म्हणे.

मला वाटलं होतं, विसरली असेल.
चादर तिनेच ओढली होती जमिनीपर्यंत,
चारी कोपरे खोचून, एक सुरकुती नाही.
अकरा वर्षांच्या मुलीची खोली
आणि पलंग इतका नीटनेटका!
म्हणून तर सापडलो.

बाकी सगळं पार पडलंय.
दीड मैल झाले, लेखी झाली, डोळे झाले, दात झाले.
राहिलाय पुतळा.
पहिल्या खेपेला सत्ताविसाव्या फुटाला हातातून सुटला.
तीन फूट. स्वयंपाकघरात ओट्यापासून टेबल तेवढ्यावर आहे.
शनिवारी दुसरी संधी. तिसरी देत नाहीत.

"पुन्हा," ती म्हणते.
मी पडतो. आभाळात एक विमान, आवाज नसलेलं.
ती श्वास घेते, कोपरं माझ्या बरगड्यांत रुततात,
मैदान माझ्या पाठीखालून सरकू लागतं.
वीस. पंचवीस. सत्तावीस.
चुन्याची रेघ माझ्या डोक्याशी येते, खांद्याशी,
कंबरेखालून, टाचांखालून जाते.
ती थांबतच नाही.
"डेल्फिना, रेघ गेली," मी म्हणतो.

"गप्प," धापा टाकत ती म्हणते,
"मेलेली माणसं बोलत नसतात."